घराला दार नाही, सबब रजा मिळावी

अहिल्यानगर
३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. बाबाजानभाई तांबोळी
तांबोळी बाइंडिंग वर्क्स

विषय : बिनपगारी रजा मिळण्याबाबत

महोदय,

मी आपल्याकडे बाइंडर म्हणून काम करतो. मला घरगुती कारणासाठी येत्या सोमवारपासून, म्हणजे १० नोव्हेंबरपासून, डिसेंबरच्या मध्यापर्यंत रजा हवी आहे. रजा पगारी मागत नाही. डायऱ्यांचा हंगाम तोंडावर आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. तरी अर्जाचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
वैजनाथ खोसे


नगर
४ नोव्हेंबर

वैजनाथ,

अर्ज टेबलावर ठेवून तू डबा खायला निघून गेलास, म्हणजे समोर उभं राहायची हिंमत नव्हती. ठीक आहे. कटिंग मशीननं माझे कान कधीच खाल्ले आणि कानात घालायचं ते यंत्र नुसत्या शिट्ट्या मारतं, त्यामुळे समोर उभा राहिला असतास तरी आपण दोघं ओरडत बसलो असतो.

आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. रजा तोंडी मिळत नाही आणि नकारही तोंडी मिळत नाही. अब्बांनी ही रीत घातली. ते म्हणायचे, तोंडानं माणूस काहीही सांगून जातो, लिहायला बसला की अडखळतो आणि मग खरं लिहितो. तू मात्र 'घरगुती कारण' लिहून मोकळा झालास. हे कारण झालं का? मागे गफूरनं लिहिलं होतं, 'बायको रुसून माहेरी गेली आहे, आणायला जातो, ती निघेल तेव्हा मी निघेन.' त्याला मी रजा दिली आणि वर सासऱ्यांसाठी पेढे दिले. आता ती दोघं आजोबा-आजी झाली.

तू सगळ्यात वाईट वेळ निवडली आहेस. पतसंस्थेच्या डायऱ्या, कॉलेजच्या डायऱ्या, सगळ्यांवर सोनेरी नावं छापायची आणि ती मशीन तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. मी हात लावला की सोनं पसरतं आणि नावाचा चेहरा काळा होतो. माझे हात आता कापतात, हे तू इतकी वर्षं न बघितल्यासारखं करतोस, ते मला कळतं.

लग्न ठरलं असेल तर स्पष्ट लिही. लपवू नकोस, मी नाचणार नाही. नाहीतर जे असेल ते पुरं लिही.

बाबाजान


नगर
५ नोव्हेंबर

भाई,

सलाम. लग्न ठरलेलं नाही. ठरलं तर पत्रिका आपल्याकडेच छापू.

कारण असं आहे. आईचा उजवा गुडघा पार गेला. आता ती भिंत धरून चालते आणि मागच्या महिन्यात पडवीत पडलीसुद्धा. इथल्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला आहे, १४ तारीख दिली आहे. आरती, माझी बहीण, दवाखान्यात तिच्याजवळ राहील आणि नंतर शेवगावला आपल्या घरी घेऊन जाईल. आरतीच्या शेजारीच व्यायाम करून घेणारी बाई आहे. तेव्हा दवाखान्यात माझी गरज नाही. पैशाचंही काही अडलेलं नाही.

मला घरी बसायचं आहे.

आमची वस्ती शिंगणापुरात, घोडेगाव रस्त्याला. घराला दार नाही, कुत्रं आत येऊ नये म्हणून रात्री एक फळी आडवी लावतो, तेवढंच. चोरीची काळजी आईला नाही, तिनं आयुष्यात कुलूप हातात धरलेलं नाही. तिची काळजी वेगळी आहे. आमच्या आजीनं तिला सांगितलं होतं की, दार असलेलं घर बंद दिसलं की माणूस समजतो आणि पुढे जातो. आपलं घर सदा उघडं, म्हणून येणारा आत येतोच. आत आल्यावर त्याला कुणी भेटलं नाही, तर ते बरं दिसत नाही. म्हणून आमच्या घरात कुणीतरी असतंच. शेतात, लग्नात, मयतीला, कुठंही जायचं तरी एकानं मागे राहायचं. वडील गेल्यापासून आणि मी नगरला आल्यापासून ती एकटीच मागे राहते आणि कुठंच जात नाही.

घरात कुणी बसल्याशिवाय ती दवाखान्याची पायरी चढणार नाही. सबब रजा मिळावी.

वैजनाथ


नगर
६ नोव्हेंबर

वैजनाथ,

आयुष्यभर रजेचे अर्ज वाचत आलो. असा वाचला नाही. आई दवाखान्यात, बहीण दवाखान्यात आणि मुलगा रजा काढून रिकाम्या घरात बसणार, कारण घराला दार नाही. अरे, दवाखान्यात बसायला रजा मागितली असतीस, तर मी मशीन बंद करून तुला स्वतः रिक्षात बसवून आलो असतो.

शेजारी काय करतात तुमचे? कुणाला तरी सांग की लक्ष ठेवा. नाहीतर ओट्यावर पाण्याचा माठ ठेव, वर पाटी लाव. आपल्याकडे पुठ्ठा आहे, सोनेरी अक्षरात छापून देतो. ज्याला तहान लागेल तो पिईल आणि जाईल. महिनाभर घर रिकामं राहिलं म्हणून कुणाचं काय अडतं? माझं घर सकाळपासून संध्याकाळपर्यंत रिकामंच असतं, दाराला दोन कुलपं. आता मुबश्शिरा पुण्याहून म्हणते, अब्बा, तिथं कॅमेरा पण बसवू. आजपर्यंत कुणी तक्रार केली नाही.

रजा नामंजूर. मन लावून समजावलंस तर आई ऐकेल. रविवारी घरी जा आणि समजाव. येताना थोडे शेंगदाणे आण.

बाबाजान


शनिशिंगणापूर
९ नोव्हेंबर

भाई,

समजावून पाहिलं. हे पत्र आसारामच्या हाती देतो. तो रोज जीपनं भाविकांना नगरहून आणतो-सोडतो, उद्या सकाळी तुम्हाला मिळेल. मी उद्याचा दिवस इथंच थांबतो आहे, परवा कामावर येतो.

शेजारी सगळे कांदा लागवडीत आहेत. सकाळी डोकावून जातील, पण बसणार कोण? माठाची आणि पाटीची तुमची गोष्ट आईला सांगितली. ती म्हणाली, "आलेल्याला नुसतं पानीच पायजे आसतं व्हय? तो टेकतो, दोन गोष्टी सांगतो. त्या काय माठाला सांगल?" मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. गुडघा काय पळून चाललाय? पुढच्या साली बघू." डॉक्टर म्हणतात, ही तारीख गेली तर संक्रांतीनंतरची मिळेल आणि तोवर ती चालत असेल की नाही ते सांगता येत नाही.

भाई, तुम्हाला हे सगळं खुळ्यासारखं वाटत असणार. मलाही कधी कधी वाटतं. पण मी याच घरात वाढलो. शाळेतून यायचो तेव्हा आपल्या घरात आज कोण असेल, हे मला कधी माहीत नसायचं. एकदा गुजरातकडचं एक म्हातारं जोडपं माझ्या अंथरुणावर गाढ झोपलेलं होतं आणि आई मला ओट्यावर बसवून हळू आवाजात पाढे म्हणायला सांगत होती. एकदा एक बांगड्या विकणारी बाई आली, तिनं आरतीला बांगड्या भरल्या आणि जेवून गेली. कुणी जाताना कोथिंबिरीची जुडी ठेवायचं, कुणी काहीच नाही. आई नाव विचारायची नाही. मला वाटायचं, सगळ्यांचीच घरं अशी असतात. नगरला खोली घेतली तेव्हा मालकानं हातात किल्ली दिली, त्या दिवशी मला फार परकं वाटलं होतं.

एकदाच आमचं घर रिकामं राहिलं. सोनईला मामाच्या मुलीचं लग्न होतं आणि जी चुलती मागे राहणार होती तिला अचानक ताप भरला, ती आपल्या घरी जाऊन झोपली. आम्ही संध्याकाळी परतलो तर माठावरचं झाकण बाजूला होतं आणि अंगण झाडून लख्ख केलेलं. कुणीतरी येऊन पाणी पिऊन गेलं होतं आणि बदल्यात झाडून गेलं होतं. आरतीला आणि मला मोठी गंमत वाटली. आई मात्र लुगड्याचा पदर तोंडाला लावून रडली. "मानूस यून गेलं आन आपन न्हवतो," एवढंच म्हणत राहिली. तेव्हापासून ती एक रात्रसुद्धा बाहेर राहिलेली नाही.

म्हणून सांगतो, तिला समजावणं माझ्याच्यानं होणार नाही आणि तिला भिंत धरून चालताना बघणंही होणार नाही. रजा मिळाली नाही तर मी काम सोडतो. धमकी म्हणून लिहीत नाही. मला तुमच्याकडचं काम सोडायचं नाही. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा खळ कालवायला घेतलंत, आज पतसंस्थेचे लोक माझं नाव घेऊन विचारतात. पण दुसरा रस्ता दिसत नाही.

वैजनाथ


शिंगणापूर
१० नोव्हेंबर

बाबाजानभाईंना गोजरबाई खोसे हिचा रामराम.

मी साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकले. चुकलं तर समजून घ्या. वैजू मळ्यात गेलाय तवर लिहिते. आसाराम दुपारी परत नगरला जातो, त्याच्या हाती देते. वैजूला सांगू नका.

त्याला रजा देऊ नका. तो काम सोडतो म्हनतो. पोटचं पोर हाय म्हनून सांगते, ते लई हट्टी हाय, आज रागात सोडल आन मग जन्मभर त्या सोनेरी अक्षराची आठवन काढत बसल. सुट्टीला आला की मला तुमच्या डायऱ्या दाखवतो. ह्यावर बोट फिरव म्हनतो. मला वाचायला येळ लागतो, तर बोटानं वाचते.

तुमचा माल येळेवर गेला पायजे. माझ्या गुडघ्याचं काय, मी काय आता पळायला जानार हाय? भितीला धरून हुतंय सगळं. आलेल्याला पानी द्यायला भितीपासून माठ दोन हातावर हाय.

तुमी लई वर्सं त्याला संभाळलं. तुमाला कान कमी हाय आसं तो म्हनतो. तीळतेल कोमट करून घालत जा.

गोजरबाई


नगर
११ नोव्हेंबर

वैजनाथ,

तू आत मशीनवर आहेस आणि मी बाहेर काउंटरवर बसून हे लिहितो आहे. तुला हाक मारून सांगता आलं असतं, पण रीत ती रीत.

रजा नामंजूर. तू काम सोडलंस तर तोही अर्ज नामंजूर.

काल माझ्या हाती एक कागद आला. कुणाचा ते विचारू नकोस. तो वाचल्यावर मी जेवायला घरी गेलो, दोन्ही कुलपं उघडली, आणि ताट वाढून घेतल्यावर माझ्या लक्षात आलं की काउंटरवर बसून मी दिवसभर करतो काय? गिऱ्हाइकाशी भांडतो. ऐकू येत नाही म्हणून भाव दोनदा सांगतो आणि दुसऱ्यांदा चुकीचा सांगतो. सोनेरी मशीनला माझे हात चालत नाहीत. तांब्यानं पाणी द्यायला मात्र चालतील, थोडं सांडेल.

तर असं कर. तू इथं डायऱ्या पुऱ्या कर, दुकान तुझ्याकडे. मी तुमच्या घरात जाऊन बसतो. आई शेवगावहून परत येईपर्यंत. मला भाकरी येत नाही, खिचडी येते. नमाजापुरती एक कोपऱ्यात जागा लागेल. एकटा म्हातारा, परक्या जातीचा, आईला चालेल का, ते आज फोनवर विचार आणि त्या जे म्हणतील ते जसंच्या तसं मला लिहून दे. गोड करून लिहू नकोस.

मुबश्शिराला सांगितलं. ती म्हणाली, अब्बा, तुम्हाला वेड लागलंय. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलली.

बाबाजान


नगर
११ नोव्हेंबर, संध्याकाळ

भाई,

आईला विचारलं.   म्हणाली, "त्यांला रातच्याला दिसतं का? पायरी उंच हाय." जसंच्या तसं लिहिलं आहे.

तुम्ही उद्या दुपारी आसारामच्या जीपनं निघा. ती परवा सकाळी निघेल, म्हणजे एक रात्र तुम्हाला सगळं दाखवायला मिळेल.

मी परत मशीनवर जातो.

वैजनाथ


शनिशिंगणापूर
२१ नोव्हेंबर

वैजनाथ,

आईचं ऑपरेशन नीट झालं, हे आसारामनं हातवारे करून सांगितलं. अल्लाचे उपकार. आता माझी हकिकत ऐक.

तुझ्या आईनं मला माठ दाखवला, तांब्या दाखवला, साखरेचा डबा दाखवला आणि विचारलं की चहा गोड लागतो का. बस्स. मी म्हटलं, दागिने, कागदपत्रं काही असेल तर सांगून ठेवा. त्या हसायला लागल्या. मग जीपमध्ये बसल्या आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी माझ्या घरातून बाहेर पडताना कुलूप तीन वेळा ओढून बघतो.

एकट्याची पहिली रात्र मी पिशवी पोटाशी घेऊन बसून काढली. फळी लावली होती, पण अख्ख्या रस्त्यात झोपल्यासारखं वाटत होतं.

सकाळी पहिला माणूस आला, नाशिककडचा, खांद्यावर झोपलेली मुलगी. मी काउंटरच्या सवयीनं विचारलं, "बोला, काय पाहिजे?" तो बिचारा ओशाळला. काही नाही काही नाही म्हणत मागे फिरला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी तांब्या घेऊन त्याच्या मागे रस्त्यापर्यंत धावलो. म्हणजे माझ्या वयाला जमेल तसं. अर्धं पाणी माझ्या पायजम्यावर. त्यानं उरलेलं मुलीला पाजलं. शेजारची सून कांद्याच्या वाफ्यातून सगळं बघत होती. ती येऊन ओरडून म्हणाली, तेव्हा मला ऐकू आलं, "भाई, आसं इचारत न्हाईत. आधी पानी. नाव त्यानं सांगितलं तर आइकायचं." आता मला जमतं. माणूस दिसला की उठतो. काही बोलत नाही. बहिऱ्याला हे काम सोपं आहे.

शनिवारी तर रीघ लागली होती. एका गाडीचं इंजिन तापलं, ती सगळी मंडळी इथं बसली. त्यातल्या आजीबाईंनी तुमच्या चुलीवर परस्पर पिठलं टाकलं आणि मलाच वाढलं. एक ऊसतोडीची जोडी येते, बैलांना सावलीत बांधून घटकाभर पडते. मी नमाजाला उभा असलो की आलेला माणूस ओट्यावर थांबतो. काल एकजण थांबला आणि माझी नमाज झाल्यावर तासभर मला काहीतरी सांगत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी मान हलवत होतो. जाताना त्यानं डोळे पुसले आणि माझे दोन्ही हात धरले.

पतसंस्थेच्या डायऱ्यांचं काय झालं ते लिही. मशीन जास्त तापवू नकोस.

बाबाजान


नगर
२८ नोव्हेंबर

भाई,

पतसंस्थेचा माल गेला. चेअरमननी नावावरून हात फिरवला आणि 'छान' म्हणाले. कॉलेजच्या डायऱ्यांना दोन दिवस उशीर होईल, मी तसं त्यांना लिहून कळवलं. तोंडी नाही.

आई शेवगावला आरतीकडे आहे. वॉकर घेऊन पडवीभर फिरते. व्यायाम करून घेणारी बाई म्हणते, या वयात इतकी जिद्द बघितली नाही. पण फोनवर मला गुडघ्याचं काहीच सांगत नाही. "कोन आलं हुतं?" एवढंच विचारते. तुमचं पत्र आरतीनं तिला पूर्ण वाचून दाखवलं, पाणी घेऊन धावल्याचं तर तीनदा. तो तासभर बोलणारा माणूस कोण असेल, यावर मायलेकींचं अजून चाललंय. आईचं म्हणणं, त्याला सांगायचं होतं ते त्यानं सांगितलं, आता आपण त्यात नाक कशाला घालायचं.

काउंटरवर तुमची खुर्ची तशीच ठेवली आहे. मी स्टुलावर बसतो. संध्याकाळी शटर ओढताना हाक मारायला कुणी नसतं तर मशीनलाच 'येतो' म्हणतो. दुकान इतकं शांत असतं, हे मला माहीतच नव्हतं.

वैजनाथ


शनिशिंगणापूर
७ डिसेंबर

वैजनाथ,

थंडी पडली आहे. सकाळी ओट्यावर ऊन येतं, तिथं बसून लिहितो.

इथं बसल्यावर मला भिंगारचं आमचं जुनं घर फार आठवतं. त्याला दार होतं, पण दिवसा ते कुणी लावलेलं मी पाहिलं नाही. बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा असायचा, तो हलला की अम्मी आतूनच म्हणायची, "आ जाओ." कोण आहे हे न बघता. शेजारच्या जोशीकाकू तिखट मागायला यायच्या त्या दुपारभर बसायच्या. माझी बायको मेहताब लग्न होऊन त्याच घरात आली. पुढे आम्ही नगरात फ्लॅट घेतला, तेव्हा ती पहिले काही महिने सकाळी दार उघडून ठेवायची आणि मी येता-जाता लावून घ्यायचो. मी म्हणायचो, इथं असं करत नाहीत. एक दिवस तिनं उघडणं बंद केलं. ती गेल्यापासून आमची बेल गॅसच्या सिलिंडरवाल्याशिवाय कुणी वाजवलेली नाही. वाजवली तरी मला कुठं ऐकू येते? घरी कुणी येत नाही, हे मी आजवर शांततेच्या खात्यात जमा करत आलो. इथं येऊन कळलं की मला माणसांची फार भूक होती.

गोजरबाई पुढच्या रविवारी येताहेत. मी त्याच संध्याकाळी निघायचं ठरवलं होतं. पण त्यांना अजून वॉकर लागणार. दोन्ही हात वॉकरला असले तर तांब्या कोण धरणार? तेव्हा अब्बांच्या रीतीप्रमाणे लिहितो, कारण पुरं लिहितो. मला संक्रांतीपर्यंत बिनपगारी रजा मिळावी. त्या शेजारच्या सुनेकडे झोपतील, तिनं आपणहून सांगितलं आहे. मी रात्री घर सांभाळीन.

आणि खरं कारण हे की मला इतक्यात त्या कुलपांकडे जावंसं वाटत नाही.

बाबाजान


शिंगणापूर
१६ डिसेंबर

चि. वैजूस आईचा आशीर्वाद.

मी परवा आले. आसारामनं जीप पार अंगनात आनली. भाई ओट्यावर हुते. मी वॉकर टेकीत पायरीपाशी गेले तर ते उठले, काय बोलले न्हाईत, आत गेले आन पानी घिऊन आले. मला. मी म्हनले भाई, मी घरचीच हाय. त्यांला आइकू गेलं न्हाई. तांब्या पुढं धरून उभे. मग मी बसले आन प्याले. पन्नास वर्सं झाली ह्या घरात येऊन, मला ह्या ओट्यावर कुनी पानी दिलं नव्हतं. म्या सगळा तांब्या प्याले.

गुडघा चांगला हाय. भित धरीत न्हाई आता. तुझ्या मशीनीची काळजी करत जा, माझी करू नको.

भाई ऱ्हातेत. मी ठिवून घेतलं. रजा दे म्हनून ते तुला इचारतेत, तर लगीच देऊन टाक, मालकाला ताटकळत ठिवू नये. माझं तीळतेल त्यांला मानवलंय.

पर एक गोष्ट माझ्या मनाला लागून ऱ्हायली. ते हितं बसलेत म्हंजी त्यांचं घर तिकडं रिकामं पडलंय. महिना उलटून गेला. त्यांनी माझं घर उघडं ठिवलं आन मी त्यांचं बंद पाडलं, हे बरं न्हाई. मी त्यांला म्हनले तर ते म्हनतेत, गोजरबाई, तिकडं कुनी येतच न्हाई. आसं कुठं आसतं? बंद दाराला मानूस येऊन बी जात आसल, ह्यांला काय कळनार.

तवा तुझी ती भाड्याची खोली सोड. किल्ल्या आसाराम घिऊन येतोय, भाईंनी दिल्या, मी काय करनार ते त्यांला सांगितलंय, ते चष्मा पुसत बसले. आजच त्यांच्या घरी जाऊन ऱ्हा. झाडून काढ. सुट्टीच्या दिवशी सकाळी दार सताड उघड आन पानी भरून ठिव.

पहिले काय दिस कुनी येनार न्हाई, लोकांला सवय ऱ्हायली न्हाई. म्हनून लगीच लावून घिऊ नको. बसून ऱ्हा.

तुझी आई